बुडालेली गावे, उरलेल्या चित्रफिती : सूचीसाठी सॉफ्टवेअर निवडताना

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या काठावरील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली. महाराष्ट्रातील सर्वांत आधी पाण्याचा फटका बसला तो मणिबेलीला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील काठावरची घरे, शेते आणि शूलपाणेश्वराचे जुने मंदिर जलाशयात गेले. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटरवर पोहोचली आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी प्रकल्पाचे लोकार्पण झाले. काठावरच्या त्या पाड्यांचे, वाटांचे आणि शेतांचे दर्शन आता घडते ते केवळ जुन्या छायाचित्रांत आणि चित्रफितींत.

अशा चित्रफितींची संख्या लहान नाही. योगायोग असा की, नर्मदाकाठचा संघर्ष ऐन भरात असतानाच हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५), संजय काक यांचा ‘वर्ड्स ऑन वॉटर’ (२००२), फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘ड्राउन्ड आउट’ (२००२) हे माहितीपट सर्वांना ठाऊक आहेत. परंतु तास-दीड तासाचा माहितीपट तयार होतो तेव्हा त्याच्या कितीतरी पट चित्रीकरण बाजूला पडलेले असते. त्याखेरीज कार्यकर्ते, शिक्षक, भाषा-अभ्यासक, लग्नांचे चित्रीकरण करणारे स्थानिक व्यावसायिक आणि गेल्या पंधरा वर्षांत मोबाइल बाळगणारा प्रत्येक तरुण यांनी टिपलेल्या फिती वेगळ्याच. त्या कपाटांत, बॅगांत, जुन्या हार्डडिस्कवर पडून आहेत. त्या एकत्र आणू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : हजारो तुकड्यांची सूची करायला सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

प्रश्न रास्त आहे. पण तो सहसा उलट्या टोकाकडून विचारला जातो. पुस्तक उघडले की मुखपृष्ठ, लेखक, साल, अनुक्रमणिका समोर येते. चित्रफितीला मुखपृष्ठ नसते. एका तासाच्या फितीत काय आहे हे कळण्यासाठी एक तास खर्चावा लागतो आणि तो खर्चूनही पडद्यावरचा म्हातारा कोण, तो कोणत्या भाषेत बोलतो आहे, मागे दिसणारा डोंगर कोणता, हे कळेलच असे नाही. ही माहिती कोणतेही सॉफ्टवेअर स्वतःहून देत नाही. ती माणसाने भरायची असते. सॉफ्टवेअर ती सांभाळते आणि शोधून देते. त्यामुळे काय भरायचे हे आधी ठरले पाहिजे. कशात भरायचे, हा नंतरचा प्रश्न.

नाव, क्रमांक आणि तारीख

ग्रंथालयात पुस्तक आले की प्रथम दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. चित्रफितींचेही तेच. प्रत्येक कॅसेटला किंवा मेमरी कार्डला एक क्रमांक, त्यातून निघालेल्या प्रत्येक फाइलला त्याचा उपक्रमांक, आणि हा क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. कॅमेऱ्याने दिलेल्या नावांवर विसंबणे धोक्याचे असते. २००६ पासून प्रचारात आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांत अनेकदा प्रत्येक नव्या कार्डावर पहिल्या फाइलचे नाव ‘०००००.एमटीएस’ असेच पडते. दहा कार्डे एका फोल्डरमध्ये ओतली की एकाच नावाच्या दहा फाइली एकमेकींवर आदळतात आणि घाईत ‘रिप्लेस’चे बटण दाबले गेले तर नऊ दिवसांचे चित्रीकरण क्षणात नाहीसे होते.

तारखेचा घोळ याहून फसवा असतो. मिनीडीव्ही कॅसेटवर चित्रासोबत चित्रीकरणाचा दिनांक व वेळही नोंदली जाते. फायरवायर जोडणीने कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर ही नोंद टिकते. घाईत तिचे लहान आकाराच्या फाइलीत रूपांतर केले तर बहुधा गळून पडते. संगणक फाइलीसमोर जो दिनांक दाखवतो तो अनेकदा नक्कल केल्याचा असतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फितीच्या नावातील दिनांक तर ती पाठवल्या-मिळाल्याचा असतो, चित्रीकरणाचा नव्हे. शिवाय व्हॉट्सॲप फीत दाबून लहान करते आणि तिच्यातील मूळ तांत्रिक नोंदीही काढून टाकते. २०१९ च्या पावसाळ्यात पाणी कोणत्या दिवशी कोणत्या घराच्या उंबऱ्याला लागले, असा प्रश्न उद्या कोणी विचारला तर हा फरक केवळ तांत्रिक राहत नाही.

गाव कोणते, हा साधा प्रश्न नव्हे

सूचीत सर्वांत सोपा वाटणारा रकाना ‘स्थळ’ हा. नंदुरबारच्या बाबतीत तोच सर्वांत कठीण ठरतो. हा जिल्हा धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याआधीच्या कॅसेटींवर साहजिकच ‘जि. धुळे’ असे लिहिलेले असते. अक्राणी तालुक्याला त्याच्या मुख्यालयावरून सर्रास ‘धडगाव’ म्हटले जाते. एकाच तालुक्याच्या फिती दोन नावांखाली विखुरतात त्या अशा.

विस्थापनाने हा गुंता आणखी वाढवला. नर्मदाकाठची माणसे तळोदा परिसरातील सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आली; मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेतील परवेट्यास गेली. रोझव्यात बसून एखादी वृद्धा आपल्या बुडालेल्या पाड्यातील होळीबद्दल बोलत असेल, तर त्या फितीचे स्थळ कोणते? सूचीकाराने येथे दोन रकाने केले पाहिजेत : ‘चित्रीकरणाचे स्थळ’ आणि ‘ज्याविषयी बोलले गेले ते स्थळ’. बोलणाऱ्याचे मूळ गाव हा तिसरा. सॉफ्टवेअर निवडताना विचारायचा पहिला प्रश्न यातूनच हाती येतो. आपल्याला हवे तसे रकाने त्यात वाढवता येतात का? ज्यात ते येत नाहीत, ते कितीही देखणे असले तरी या कामाचे नाही.

विषयाच्या रकान्यातही असेच. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीचे चित्रीकरण दरवर्षी होते. बांबू तोच, ढोल तेच, मोरपिसांचे टोप तेच. वर्षाची नोंद नसेल तर १९९५ ची होळी आणि २०१५ ची होळी वेगळी ओळखणे कठीण. ‘आदिवासी नृत्य’ हा शब्द तर सूचीतून हद्दपारच करावा, इतका तो निरुपयोगी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तेथे हा शब्द शोधल्यास अर्धा संग्रह समोर येऊन पडेल. बुध्या, मोरखी, गेर अशी लोकांची स्वतःची नावे लिहिली, तरच हवी ती फीत सापडते.

कोणते सॉफ्टवेअर काय करते

सुरुवात साध्या तक्त्याने करायला हरकत नाही. एक्सेल किंवा मोफत मिळणारे लिबरऑफिस कॅल्क यांत एका ओळीत एक फाइल याप्रमाणे दोन-तीन हजार नोंदी व्यवस्थित राहतात. रकाने कोणते ठेवावेत याचा आधार हवा असेल तर १९९५ पासून विकसित झालेला ‘डब्लिन कोअर’ हा १५ घटकांचा आंतरराष्ट्रीय आराखडा उपयोगी पडतो : शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, हक्क वगैरे. तक्त्याची मर्यादा एवढीच की नोंद एकीकडे आणि चित्र दुसरीकडे राहते.

ही दरी भरणारे, एकट्या माणसाला पुरेसे आणि मोफत असे सॉफ्टवेअर म्हणजे डिजिकॅम. ते मुळात छायाचित्रांसाठी आहे, पण व्हिडिओ फाइलींचीही लघुचित्रे दाखवते, खुणेचे शब्द देऊ देते आणि ही माहिती स्वतंत्र सोबतच्या फाइलींतही लिहून ठेवू शकते. अडोबी ब्रिज याच जातीचे. अनेकांनी मिळून एकाच संग्रहावर काम करायचे असेल तर सर्व्हरवर चालणारी साधने लागतात. २००६ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेच्या गरजेतून विकसित झालेले रिसोर्सस्पेस हे मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवी संस्थांत बरेच वापरले जाते. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राचे ओमेका (२००८) प्रदर्शनवजा मांडणीसाठी चांगले. दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या तोडीचे कॅटडीव्ही हे विकतचे आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थेला परवडण्याजोगे नाही.

यांपैकी बहुतेकांत एक उणीव राहते : नोंद संपूर्ण फाइलीची होते. दोन तासांच्या ग्रामसभेच्या चित्रणात ४७ व्या मिनिटाला कोणी जमिनीच्या मोजणीबद्दल काय म्हटले, हे त्यातून सहज सापडत नाही. या प्रश्नावरचे एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातच घडले. मुंबईतील कॅम्प, मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू, बंगळुरूचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनमधील तंत्रज्ञ यांनी मिळून २००८ मध्ये ‘पॅडमा’ हा सार्वजनिक चित्रफीत-संग्रह सुरू केला. पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा माहितीपटकारांकडे पडून राहणाऱ्या कच्च्या चित्रीकरणाला त्यात मानाचे स्थान मिळाले. त्यासाठी विकसित झालेले सॉफ्टवेअर पुढे ‘पँडोरा’ या नावाने मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध झाले. २०१३ मध्ये सुरू झालेला भारतीय चित्रपटांचा ‘इंडियनसिने.मा’ हा कोशही त्यावरच चालतो.

पँडोरामध्ये चित्रफीत एका आडव्या काळपट्टीच्या रूपात दिसते. पट्टीवरील कोणताही भाग निवडून त्यापुरते शब्दांकन, वर्णन, खुणेचे शब्द आणि स्थळ नोंदवता येते. नंतर शब्द शोधला की फीत नेमक्या त्या सेकंदापासून सुरू होते. स्थळे नकाशावर दिसतात. सातपुड्यासारख्या भागाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मूळ अवजड फाइल सर्व्हरवर चढवावीच लागते असे नाही. ती आपल्या डिस्कवर ठेवून तिची हलकी प्रत तेवढी पाठवता येते. एका तासाची मिनीडीव्ही कॅसेट सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते, म्हणजे २०० कॅसेटींना अडीच टेराबाइटांहून अधिक. धडगावहून एवढा साठा जालावर चढवण्याची कल्पना न केलेली बरी. अर्थात पँडोरा बसवायला लिनक्सचा जाणकार लागतो, आणि तो नोकरी सोडून गेला की सर्व्हरही ओस पडतो. लहान संस्थेने हे काम एखाद्या विद्यापीठाच्या किंवा मोठ्या संग्रहाच्या आश्रयाने करणे शहाणपणाचे.

एकट्या अभ्यासकासाठी नेदरलँड्समधील मॅक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेचे एलान हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एकाच फितीखाली भिली किंवा पावरी बोलणे, त्याचा मराठी अर्थ आणि टिपा अशा वेगवेगळ्या ओळी सेकंदाबरहुकूम जुळवता येतात. भाषा-अभ्यासकांना ते परिचित आहे. कार्यकर्त्यांपर्यंत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही, ते पोहोचायला हवे.

ज्याची खोली मोजली पाहिजे अशी आणखी एक बाब म्हणजे पाहण्याचा अधिकार. काही विधी सर्वांसमोर मांडण्यासाठी नसतात. काही माणसांनी ज्या विश्वासाने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडले, तो विश्वास संग्रहापुरताच होता. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू आदिवासींच्या सहभागातून जन्मलेले मुकुर्तू हे मुक्त सॉफ्टवेअर याच विचारावर उभे आहे. कोणती फीत कोणत्या गटाने पाहावी, हे त्यात तो समाजच ठरवतो. भारतातील संग्रहकार संमतीपत्राची एक प्रत फाइलीला लावून मोकळे होतात. त्यांनी निदान हे साधन पाहावे.

अक्षरांचा अदृश्य अडसर

मराठी सूचीची एक अडचण परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टंकित केलेल्या याद्या नव्या सॉफ्टवेअरला निव्वळ निरर्थक रोमन अक्षरांसारख्या दिसतात. त्या प्रथम युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. युनिकोडमध्येही सर्व आलबेल नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधीच्या नोंदी ‘अ’वर चंद्र देऊन केलेल्या असतात. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांवरील शंभर फितींपैकी शोधात साठच सापडल्या, तर उरलेल्या चाळीस हरवल्या आहेत असे समजू नये. सॉफ्टवेअर पसंत करण्यापूर्वी असे पाच-दहा शब्द त्यात दोन्ही प्रकारे भरून शोधून पाहावेत. ही परीक्षा अर्ध्या तासात होते आणि अनेक नावाजलेली साधने तीत नापास होतात. फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरांत आणि अंकांतच ठेवावीत. देवनागरी वर्णन सूचीत असावे.

बाहेर पडण्याचे दार

सॉफ्टवेअर माणसांपेक्षा लवकर मरते. ‘आयव्ह्यू मीडियाप्रो’ हे एके काळी छायाचित्रकारांचे व चित्रीकरण करणाऱ्यांचे आवडते सूची-सॉफ्टवेअर होते. २००६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने घेतले, नाव बदलले. २०१० मध्ये ते फेज वन या कंपनीकडे गेले, पुन्हा नाव बदलले. आणि २०१८ मध्ये ते बंद झाले. ॲपलचे ‘फायनल कट सर्व्हर’ २००८ मध्ये आले आणि २०११ मध्ये गेले. गूगलने पिकासाला २०१६ मध्ये निरोप दिला. ज्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी या साधनांत कोंडल्या त्यांना त्या बाहेर काढताना घाम फुटला. म्हणून निवडीची सर्वांत कठोर कसोटी ही : संपूर्ण सूची साध्या मजकुराच्या किंवा सीएसव्ही तक्त्याच्या रूपात एका आज्ञेसरशी बाहेर काढता येते का? येत असेल तर ती दर महिन्याला काढावी, एक प्रत छापून ठेवावी आणि एक दुसऱ्या गावी पाठवावी.

सूचीत आणखी एक रकाना असावा, तो फाइलीच्या ‘हॅश’चा. हॅश म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांब संख्या. फितीतील एक बिंदू बदलला तरी ती बदलते. संग्रहात फाइल आली त्या दिवशी हॅश काढून ठेवला, तर पुढे तिच्यात फेरफार झाला नाही हे दाखवता येते. न्यायालयात याला वजन आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणच वादाच्या केंद्रस्थानी होते. मूळ साधन न्यायालयापुढे आणले जात नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये त्या प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशची नोंदही अंतर्भूत आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत तर दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे, लेखी उतरवलेले कथन हा पुरावा मानला गेला आहे. गावच्या म्हाताऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलेल्या शेताच्या आणि वहिवाटीच्या गोष्टी कोणत्या फितीत, कोणत्या मिनिटाला आहेत हे माहीत असेल, तरच अशा कथनाला त्यांचा आधार देता येतो.

खरा वेळ जातो तो ऐकण्यात. एका तासाच्या संभाषणाचे शब्दांकन करायला सरावलेल्या माणसालाही किमान चार तास लागतात. मराठी बोलण्यासाठी यंत्राची मदत आता मिळू लागली आहे. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘व्हिस्पर’ या प्रणालीत मराठीचा समावेश आहे, जरी तिचे काम तपासून घ्यावे लागते. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतर ॲप प्रायोगिक स्वरूपात आणले. त्यात संताळी, मुंडारी आणि गोंडीबरोबर भिली आहे, पण ती मध्य प्रदेशातील. धडगावच्या डोंगरातील पावरीसाठी माणसाचाच कान लागतो. तसा कान लावला की काय हाती येते याचे उदाहरण जवळच आहे. नंदिनी ओझा यांनी नर्मदा खोऱ्यातील मुलाखती वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित करून त्यांचा मौखिक इतिहास-संग्रह उभारला. केशव वसावे आणि केवलसिंग वसावे या आंदोलनातील दोन आदिवासी नेत्यांच्या कथनांतून ‘लढा नर्मदेचा’ हे मराठी पुस्तक सिद्ध झाले. २०२२ मध्ये ते इंग्रजीतही आले.

वेळेचे गणित दुसऱ्या बाजूनेही कठोर आहे. चुंबकीय फितींवरील साठा २०२५ च्या आसपास वाचवणे दुरापास्त होईल, असा इशारा युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिचित्र अभिलेखागार संघटनेने २०१९ पासून दिलेला होता. मिनीडीव्ही वाजवणारी यंत्रे आता जुन्या बाजारातच मिळतात, नव्या लॅपटॉपला फायरवायरची जागा नसते आणि दमट कपाटातील कॅसेटींवर बुरशी चढते. म्हणून क्रम असा ठेवावा : कॅसेट उतरवणे, क्रमांक देणे, हॅश काढणे, दोन डिस्कवर प्रती करणे. लगेच त्यानंतर, सॉफ्टवेअरचा निर्णय होण्याची वाट न पाहता, फिती वसाहतींत नेऊन जुन्या माणसांना दाखवाव्यात आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांची, पाड्यांची नावे त्यांच्याकडून साध्या वहीत उतरवून घ्यावीत. वहीतील मजकूर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नंतर भरता येतो; १९९३ मधील मणिबेलीचे घर पाहून ते कोणाचे हे सांगू शकणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.